हत्ती गेला की टोमॅटो लावा : मुंबईच्या बाल्कनीसाठी पेरणीचं वेळापत्रक

माझ्या पहिल्या बियाण्याच्या पाकिटावर लिहिलं होतं : शेवटचा फ्रॉस्ट पडून गेल्यावर रोपं बाहेर हलवा. मे महिना होता, मुलुंडचा तिसरा मजला, बनियन अंगाला चिकटलेला, आणि मी हे वाचत होतो. फ्रॉस्ट म्हणजे पहाटे दव गोठून पानांवर जमणारा बर्फ. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी तो कधीमधी दिसतो. निफाडकडे पारा फारच उतरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. मुंबईत मात्र हा प्रकारच नाही. सांताक्रूझ वेधशाळेचा नीचांक २७ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश सेल्सिअस. म्हणजे आपला ‘शेवटचा फ्रॉस्ट’ कायमचाच होऊन गेलाय, असा सोयीस्कर अर्थ काढून मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टोमॅटोची आठ रोपं लावली. जुलैच्या मध्यापर्यंत एक उरलं, तेही खोडाशी काळं पडलेलं.

शेजारच्या काकूंचं माहेर वसईचं, वाडीतलं. त्या रिकाम्या कुंड्या बघून म्हणाल्या, “अरे, हत्ती जाऊ दे आधी. मग लाव टोमॅटो.”

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस. हादग्याला पाटावर जो हत्ती काढतात आणि ज्याच्याभोवती मुली फेर धरतात, तोच. मुंबईतल्या बागेचं अर्धं वेळापत्रक काकूंच्या त्या एका वाक्यात होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून हा लेख.

आधी दोन तारखा लिहून ठेवा

थंड देशांत बागकाम करणारे दोन तारखा पाठ करतात : वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट आणि शरदातला पहिला. मधले दिवस म्हणजे त्यांचा हंगाम. पाकिटावरचे ‘सहा आठवडे आधी’, ‘दोन आठवडे नंतर’ हे सगळे हिशेब त्या तारखांपासून असतात. पद्धत उत्तम आहे, फक्त तारखा आपल्या नाहीत. आपल्याकडे झाडाला थंडी मारत नाही, पाणी मारतं. म्हणून आपल्या तारखा पावसाच्या : तो येतो ती आणि जातो ती.

हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. त्यानुसार मुंबईत मान्सून दाखल होण्याची तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. वहीच्या पहिल्या पानावर या दोन लिहा. मात्र सरासरी ती सरासरीच. २०२३ साली मान्सून मुंबईत आला २५ जूनला आणि २०२५ साली चक्क २६ मेला. जवळजवळ महिन्याचा फरक. तेव्हा या तारखा खुंटीसारख्या वापरा : दोरी तिथे बांधायची, पण थोडी सैल ठेवायची.

सणांवरून पेरणी लक्षात ठेवायची अनेकांना सवय असते. ‘गणपती गेले की मेथी’, ‘घट बसले की कोथिंबीर’ वगैरे. ऐकायला छान आहे, पण तिथी सरकते. घटस्थापना २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ११ ऑक्टोबरला. पावसाला अधिक महिन्याशी देणंघेणं नसतं. नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात, त्यामुळे ती इंग्रजी तारखेला जवळपास चिकटून असतात : रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, उत्तरा १३ सप्टेंबरला, हस्त २६-२७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरला. आता हवामान खात्याची ८ ऑक्टोबर आणि हस्त संपून चित्रा लागायची तारीख शेजारी ठेवून बघा. काकूंनी हवामान खात्याचं पत्रक वाचलेलं नव्हतं. त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय होतं, तेवढं पुरलं.

मग ऊन मोजा

नवखा माणूस इथे हमखास फसतो, कारण नर्सरीवाला विचारतो, “ऊन येतं का?” आणि आपण म्हणतो, “हो, येतं की.” कधी येतं, हे कोणी विचारत नाही.

मुंबई १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. याच मुदतीच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. उलट डिसेंबरात भर दुपारी तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर येतो. याचा बाल्कनीवर परिणाम असा : दक्षिणेच्या बाल्कनीत मे महिन्यात कठड्यापुरतंच ऊन, वरच्या मजल्याचा स्लॅब बाकीचं अडवतो. तीच बाल्कनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उन्हाने भरून जाते, पार आतल्या दारापर्यंत. नेमका हाच मुंबईतल्या भाज्यांचा सगळ्यात चांगला काळ. दक्षिणेची बाल्कनी मिळाली असेल तर तिथे कपडे वाळत घालू नका, एवढंच सांगेन.

पूर्वेची बाल्कनी बारमाही सरळ स्वभावाची : सकाळचं ऊन, दुपारी सावली, पालेभाज्यांना झकास. पश्चिमेला ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनचं ऊन भाजून काढतं. तिथे भेंडी, मिरची, जास्वंद तगतात, कोथिंबीर तगत नाही. उत्तरेला ऊन येतं ते नेमकं पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे ढगांच्या वाट्याला. तिथे अळू, पुदिना, आलं, ओवा लावा आणि टोमॅटोचा नाद सोडा.

एका रविवारी सकाळी आठ, अकरा, दोन आणि चार वाजता खडूने बाल्कनीच्या लादीवर उन्हाची कड आखा. दोन महिन्यांनी पुन्हा आखा. फळभाजीला थेट सहा तास ऊन हवं, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. समोर टॉवर उभा राहत असेल तर तोही हिशेबात धरा. आमच्याकडे एक उभा राहिला आणि माझं दोन वाजताचं ऊन घेऊन गेला.

आता उलटं मोजा

फळ किंवा पान कधी हवं ते ठरवायचं, आणि तिथून मागे यायचं.

दसऱ्याचा झेंडू घ्या. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण ६० ते ६५ दिवस लागतात, पावसाळी हवेत थोडे जास्तच. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे. सत्तर दिवस मागे गेलं की येतो ११ ऑगस्ट. त्या आठवड्यात बी पेरायचं, पण उघड्यावर नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून, वर पाऊस येणार नाही अशा खिडकीत. महिन्याचं रोप झालं की कुंडीत. पुढच्या वर्षी दसरा सरकला की पेरणीही सरकवायची. सणासाठी पेरताना तिथी बघा, हवेसाठी पेरताना नक्षत्र. दोन्हींची गल्लत करू नका.

टोमॅटोचा हिशेब जरा नाजूक आहे, कारण त्याला दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची. रात्र बावीस-तेवीस अंशांच्या वर राहू लागली की परागकण नीट काम करत नाहीत. झाड हिरवंगार दिसतं, फुलं येतात आणि देठासकट गळतात. मग लोक खत घालतात, झाड आणखी हिरवं होतं आणि फुलं आणखी गळतात. मुंबईत रात्रीचं सरासरी किमान तापमान जानेवारीत सतरा अंशांच्या आसपास असतं, एप्रिलमध्ये चोविसाच्या. म्हणजे फळ धरण्याची खिडकी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून साधारण मार्चच्या सुरुवातीपर्यंत. फुलं त्या खिडकीत यायला हवीत, तर रोप ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडीत हवं, आणि रोप तयार व्हायला चार आठवडे, म्हणून बी उत्तरा नक्षत्राच्या सुमारास, १०-१५ सप्टेंबरला. तेही आडोशाला. हत्ती जाईपर्यंत रोप घरात, चित्रा लागली की बाहेर. परदेशी पाकिटावरचं ‘शेवटच्या फ्रॉस्टच्या आधी सहा आठवडे घरात पेरा’ हेच आहे, फक्त फ्रॉस्टच्या जागी हत्ती.

मुंबईतही रात्र सगळीकडे सारखी नसते. कुलाब्याला समुद्र रात्र उबदार ठेवतो. बोरिवली, आरे, मुलुंड, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने राहणाऱ्यांकडे हिवाळ्यात दोन-चार अंश कमी असतात. टोमॅटोच्या बाबतीत आम्ही उपनगरवाले दक्षिण मुंबईकरांपेक्षा श्रीमंत आहोत, ही दुर्मिळ गोष्ट नोंदवून ठेवतो.

हिवाळी हंगाम : नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी

बहुतेकांना बागेची हुक्की येते ती पहिल्या पावसात, आणि तो सगळ्यात अवघड हंगाम. तुम्ही हे जूनमध्ये वाचत असाल तर कुंड्या आणा, माती भरा, खत मुरू द्या आणि सप्टेंबरची वाट बघा.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मात्र थोडा त्रासाचा. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही आणि ऊन अंगावर येतं. पावसाळ्याच्या सावलीत वाढलेली रोपं एकदम उन्हात ठेवली की पानं पांढुरकी पडून करपतात. पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग रोज तासभर वाढवत आठवड्याभरात पूर्ण.

टोमॅटोचं रोप कुंडीत लावताना खालची पानं खुडून खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरा. त्या पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. बारा इंची कुंडीत एकच रोप. दोन लावायचा मोह मलाही दर वर्षी होतो आणि दर वर्षी मी हरतो. फुलं आली की सकाळी दहा-अकराच्या सुमारास घोसाच्या देठावर बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. फुलात नर-मादी दोन्ही असतात, परागकण तिथल्या तिथे झडले की काम झालं. वाऱ्याने होतं ते बंद बाल्कनीत आपल्याला करावं लागतं. लावणीपासून साठ-सत्तर दिवसांत, डिसेंबरच्या मध्यावर, पहिलं फळ रंग धरतं.

पालेभाज्यांना एवढी मिजास नाही. मेथी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पेरा, वीस-पंचवीस दिवसांत खुडायला येते. बाजारात मिळते ती एवढ्याएवढ्या जुड्यांची समुद्रमेथी आठवा. ती वाळूत होते, लहानपणीच उपटतात. तसंच घरी करता येतं : पसरट ट्रे, चार इंच रेताड माती आणि किराणा दुकानातले मेथीचे दाणे. कोथिंबिरीला धणे हलके रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, पेरायचे. पालक, मुळा, चाकवत, वाटाणा हे सगळे नोव्हेंबरचे पाहुणे. दर पंधरा दिवसांनी थोडंथोडं पेरत गेलात तर एकदम जंगल आणि मग वाळवंट असं होणार नाही.

लसणाचा गड्डा मुंबईत धरत नाही, त्याला खरी थंडी लागते. पण पात मस्त येते. तेवढ्यावर समाधान माना. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीची रोपं नोव्हेंबरात आणलीत तर फेब्रुवारीपर्यंत मूठभर फळं देतात आणि उन्हाळ्यात मरतात. तो तुमचा दोष नाही.

शेवंतीबद्दल एक गंमत. तिला फुलायला लांब, अंधारी रात्र लागते. आमच्या बाल्कनीच्या एका टोकाला रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो. तिथली शेवंती नुसती वाढत राहिली, दुसऱ्या टोकाची डिसेंबरात पिवळीधमक झाली. संध्याकाळी सातनंतर कुंडी कोपऱ्यात सरकवली, तेव्हा तीही फुलली.

पावसाळा : पेरायचं पाऊस येण्याआधी

पावसाळी भाज्यांचं गुपित असं की त्या पावसात पेरायच्या नाहीत. जुलैमध्ये एकट्या सांताक्रूझला सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात कोवळं रोप उभं राहत नाही. जमिनीलगत खोड सडतं आणि रोप आडवं होतं. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. म्हणून ११ जूनपासून तीन आठवडे मागे या : २० मेच्या सुमारास भेंडी, चवळी, दोडका, दुधी, काकडी पेरायची आणि पाणी घालून जगवायची. जोरदार पाऊस सुरू होईस्तोवर त्यांना चार-पाच पानं आणि जाडसर खोड आलेलं असतं. शेतकऱ्याला पावसाशिवाय पेरता येत नाही, आपल्या हातात पाण्याचा मग आहे.

मे अखेरीस एक-दोन वळवाच्या सरी येतात. मातीचा वास सुटतो आणि लोकांना वाटतं, आला पाऊस. दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्तीस अंशांचा चटका. वळवाच्या भरवशावर पाणी घालणं थांबवू नका.

वेलांना फुलं भरपूर आली आणि फळं पिवळी पडून गळाली, तर बहुतेक वेळा परागीभवनच झालेलं नसतं. पावसात मधमाश्या फिरकत नाहीत. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलामागे नुसता देठ. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. काकडी-कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दुधीचं संध्याकाळी, दिवेलागणीला. आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे. ती त्याला ‘दुधीचं लग्न’ म्हणते.

खरं सांगायचं तर मुंबईच्या पावसाळ्यात भाजीपेक्षा कंद जास्त शोभतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद आणि आल्याचे कोंब फुटलेले तुकडे पुरा, अळूचे कंद मेच्या शेवटी. श्रावणात अळूवडीला पानं आणि पातोळ्यांना हळदीची पानं घरची. हळदीची पानं जानेवारीत आपोआप वाळतात, तेव्हा पाणी बंद करून खणायची. पहिल्या वर्षी मला वाटलं झाड मेलं, आणि मी कुंडी कंदासकट सोसायटीच्या कचऱ्यात दिली.

कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्ये काढून टाका आणि कुंड्या विटांवर ठेवा. ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेची माणसं घरोघरी तपासायला येतात ती याचसाठी. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कमी ठेवा. उन्हाळ्यात ते पाणी धरून ठेवतं म्हणून गुणी, पावसाळ्यात त्याच कारणाने मुळं कुजवतं. माझं मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताची तुसं आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. पावसात खत वाहून जातं, म्हणून एकदम भरपूर न घालता दर पंधरवड्याला चमचा-दोन चमचे.

आणि वजन. ओल्या मातीची बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलो भरते. ग्रिलच्या बाहेरच्या फळीवर अशा सहा ठेवणार असाल तर आधी फळी बघा, मग खाली कोण उभं राहतं ते बघा.

उन्हाळा

यावर फार लिहीत नाही, कारण करण्यासारखं थोडं आहे. जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत भेंडी, गवार, काकडी, लाल माठ पेरा. एप्रिलपर्यंत मिळेल ते घ्या. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत केलेली असेल तर मार्चपासून ओंजळ भरेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी माशी येते आणि मिरचीची पानं वाटीसारखी वळतात, त्याला चुरडा-मुरडा म्हणतात. औषधांच्या मागे न लागता झाड उपटून टाका, बाकीची वाचतील. एप्रिलपासून हिरवी शेडनेट, मातीवर वाळक्या पानांचा थर आणि पाणी सकाळी सातच्या आत. तलावांनी तळ गाठला की मेमध्ये पाणीकपात ठरलेली. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत जमवायला आधीच सुरुवात करा.

उरलेलं बियाणं

मुंबईच्या दमट हवेत पाकीट फोडून कपाटात ठेवलेलं बी पावसाळ्यानंतर उगवेलच असं नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत, तळाशी भाजून गार केलेले मूठभर तांदूळ, वर कागदाच्या पुड्या, आणि बाटली फ्रिजच्या दारात. पुडीवर नाव आणि वर्ष लिहा. आमच्याकडे मुळ्याचं बी एकदा मोहरी म्हणून फोडणीत गेलं आहे.

तरी सप्टेंबरात पेरण्याआधी चाचणी घ्या. घटाभोवती आपण धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते हातभर होतं, तसंच हे, फक्त लहान प्रमाणावर. दहा बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, डब्यात ठेवा, फडकं वाळू देऊ नका. मेथी, मुळा, चवळी तीन-चार दिवसांत मोड दाखवतात. टोमॅटो-वांग्याला आठवडा, मिरचीला दहा-बारा दिवस द्या. दहातल्या आठ फुटल्या तर नेहमीसारखं पेरा. पाच फुटल्या तर दुप्पट पेरा. दोनच फुटल्या तर नवीन पाकीट आणा. मोड आलेल्या बिया टाकू नका, अलगद उचलून डब्यात लावा. उत्तरा लागायच्या सुमारास ही चाचणी घेतलीत, तर तीच तुमची पहिली रोपं.